उंचीपलीकडचा ‘अप’

इंग्रजीतला ‘अप’ शाळेत आपण ‘वर’ या एका अर्थाने पाठ करतो आणि तिथेच सोडतो. त्याची खरी गोडी मात्र उंचीचा संबंध सुटल्यावरच कळू लागते.

‘ईट युअर व्हेजिटेबल्स’ आणि ‘ईट अप युअर व्हेजिटेबल्स’ ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात आई मुलाला भाजी खायला सांगते, दुसऱ्यात तिला ताट चाटूनपुसून स्वच्छ झालेलं हवं आहे. वर काहीच जात नाही. भाजी तर खाली, पोटात जाते. तरी ‘अप’ लागतो, कारण तो क्रियेला शेवटापर्यंत नेतो. ‘ड्रिंक अप’ म्हटलं की पेला रिकामा व्हायला हवा. ‘टाइम इज अप’ म्हटलं की परीक्षेत लेखण्या खाली. मला वाटतं, भांडं भरताना पाणी चढतं आणि काठाशी पोचलं की भरणं संपतं, अशा रोजच्या अनुभवातून उंचीला पूर्णतेचा अर्थ चिकटला असावा.

मराठीत हे काम ‘टाकणे’ करतं. ‘भाजी खा’ आणि ‘भाजी खाऊन टाक’ यांत असाच फरक आहे, आणि ‘खाऊन टाक’मध्येही कोणी काही फेकत नसतं.

घर जळालं तर इंग्रजीत सहसा ‘बर्न डाउन’ म्हणतात, कागद मात्र ‘बर्न अप’ होतो. घर कोसळतं, कागदाचा धूर होतो. केवढं नेमकं पाहणं आहे हे!

याच शब्दाला मानही आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला मुलगा नदीकाठच्या ऑक्सफर्डला शिकायला जातो, तेही ‘अप’च, विद्यापीठाने काढून टाकलं तर तो ‘सेंट डाउन’. ब्रिटनमध्ये लंडनकडे जाणारी गाडी ‘अप’ ठरली आणि मोठ्या ठाण्याकडची दिशा ‘अप’ मानायची ती पद्धत रेल्वेबरोबर आपल्याकडे आली. 1863 साली खुल्या झालेल्या भोर घाटाच्या रेल्वेमार्गावर चढ 37 फुटांना 1 फूट इतका तीव्र आहे. पुण्याहून मुंबईला निघालेली डेक्कन क्वीन लोणावळ्यानंतर तो सगळा घाट उतरून कर्जतला येते, आणि रेल्वेच्या लेखी ती ‘अप’ गाडीच असते.