घर, लेकरे आणि झोप

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपण म्हणतो, ते खर्चाच्या आणि दगदगीच्या अनुभवाने. बायबलातल्या १२७व्या स्तोत्रानेही घर आणि संसार एकत्र घेतले आहेत, पण ते दगदगीशी थांबत नाही. अवघ्या पाच वचनांची ही रचना. पहिल्या दोन वचनांत घर बांधणारे, नगराचा पहारेकरी आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारा माणूस आहे. उरलेल्या तिन्हींत एकदम लेकरे येतात. काही अभ्यासकांना ही दोन वेगळी गीते एकत्र शिवल्यासारखी वाटली. मला मात्र या स्तोत्राची सारी गोडी त्या सांध्यातच वाटते.

दुधनीच्या बाजूला या स्तोत्राचा पहिला भाग समजावून सांगावा लागत नाही. अक्कलकोट तालुक्याच्या टोकाचा, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा हा मुलूख. इथली जुनी घरे माळवदाची. तुळयांवर कड्या, कड्यांवर काटक्या आणि पाला, त्यावर मातीचा जाड थर. मिरगाच्या आधी वर चढायचे, भेगा बुजवायच्या, नवी माती टाकून चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. इतके करूनही झडीच्या पावसात एखादा कोपरा गळतोच आणि खाली घमेले ठेवावे लागते. परमेश्वर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ, असा या स्तोत्राचा आरंभीचा आशय. तो नीट वाचला पाहिजे. गवंड्याने थापी खाली ठेवावी किंवा पहारेकऱ्याने घरी जावे, असे कवी कुठेच म्हणत नाही. कष्ट गृहीतच आहेत. फक्त घर उभे राहिले ते आपल्या एकट्याच्या हिमतीवर, हा ताठा त्याला मान्य नाही.

हे ‘व्यर्थ’पण तो तीनदा सांगतो: बांधण्याचे, राखण्याचे आणि मर मर मरून भाकर मिळवण्याचे. तिसऱ्या खेपेनंतर मात्र सूर एकदम मऊ होतो. देव आपल्या लाडक्याला झोप देतो, असे तो म्हणतो आणि लगेच पुढच्या वचनात लेकरे ही देवाची देणगी ठरतात. सांधा तो हाच. बाई नऊ महिने सोसते, तिच्या कष्टांना तोड नाही. पण पोटातल्या बाळाची बोटे, पापण्या, कानाची पाळी यांतले काहीच तिला रचावे लागत नाही. ती गाढ झोपलेली असतानाही आत घडण चालूच असते. घराच्या भिंतीबद्दल जे पटायला अवघड, ते पाळण्यातल्या बाळाकडे पाहून पटते, म्हणून कवी भिंतीवरून बाळाकडे वळतो.

हे स्तोत्र शलमोन राजाच्या नावावर आहे, हेही अर्थपूर्ण आहे. यरुशलेमचे मंदिर त्याने ७ वर्षांत बांधले, स्वतःच्या वाड्याला १३ वर्षे लावली. आणि मुलगा रहबाम गादीवर येताच दहा वंश फुटून निघाले. त्याच्या आधी दावीद राजाच्या मनात देवासाठी घर बांधायचे होते, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला उलट निरोप दिला: घर देवच तुझ्यासाठी बांधील. हे घर म्हणजे त्याचा वंश. रूथच्या कथेत बेथलेहेमच्या वेशीतले लोक नवी सून राहेल आणि लेआ यांच्यासारखी होवो, असा आशीर्वाद देतात, कारण इस्राएलाचे घर त्या दोघींनी बांधले. बांधकामाचे श्रेय तिथे बायांना मिळते, हे मला फार मोलाचे वाटते.

आपले स्तोत्रही शेवटी वेशीतच जाते. तरुणपणीचे मुलगे वीराच्या हातातल्या बाणांसारखे. ज्याचा भाता भरलेला, तो वेशीत वैऱ्यांशी बोलताना खाली मान घालत नाही. त्या काळी न्यायनिवाडा वेशीत होई. बाण सरळ करावा लागतो, जपावा लागतो, पण तो भात्यात ठेवून देण्यासाठी नसतो. घर बांधायचे ते लेकरू एक दिवस बाहेर नीट उभे राहावे म्हणून.

इथे एक सल उरतो. या चित्रात मुलगेच आहेत, आणि ज्यांच्या घरी पाळणा हललाच नाही त्यांनी कुठे पाहायचे? ख्रिस्ती परंपरेने याचे उत्तर घराचा अर्थ वाढवून दिले. १६६२च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात बाळंतिणीच्या उपकारस्तुतीसाठी हे स्तोत्र नेमलेले आहे. पण त्याच्या कितीतरी आधी पेत्राच्या पत्राने विश्वासणाऱ्यांनाच जिवंत धोंडे म्हटले होते. ज्या घराचे चिरे माणसे आहेत, ते रक्ताच्या नात्यावर अडून राहत नाही. बसवेश्वरांना मानणाऱ्या दुधनीला ही भाषा परकी नाही. पाय हे खांब, देह हे देऊळ आणि मस्तक हा कळस, असे १२व्या शतकात त्यांनी सांगितलेच होते.

दुधनीवरून सोलापूर, दौंड करत पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभारले आणि दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली-बायकांना आत घेतले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळे बायबल मराठीत आणले, म्हणजे हे स्तोत्रही. एकुलती एक लेक मनोरमा १९२१मध्ये गेली, पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या, आणि त्यांचे भाषांतर १९२४मध्ये छापून निघाले. वंशाच्या हिशेबाने ते घर तिथे संपले. पण जगापुढे ताठ मानेने उभ्या राहिलेल्या केडगावच्या मुली मोजल्या, तर भाता भरलेलाच होता, आणि त्यात बाण म्हणून लेकी होत्या. या स्तोत्राचे याहून सरस भाष्य मला ठाऊक नाही.

म्हणून ते बारशाला वाचावे, घरभरणीला वाचावे, आणि जिथे पाळणा हलला नाही त्या घरी तर अगत्याने वाचावे. बांधणारे आपण, देणारा तो. आणि दिलेले लेकरू कुणाच्याही पोटचे असो, त्याला वेशीपर्यंत पोचवणे हेच बांधकाम.