शापाची अट आणि इतिहासाचे मौन : 'तुंबाड' चित्रपटाचा एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

भयपट हा आपल्याकडील समीक्षेत बराच काळ करमणुकीचा दुय्यम प्रकार मानला गेला. महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक बाजू आहे. २०१३ मध्ये येथे जादूटोणाविरोधी कायदा झाला. साहजिकच शाप, पिशाच्च, गुप्तधन यांवर उभी असलेली कलाकृती अंधश्रद्धेला खतपाणी घालते काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. हा प्रश्न गैर नाही. परंतु तो अपुरा आहे. प्रेक्षक भुतावर विश्वास ठेवतो की नाही, यापेक्षा शापाच्या योजनेमुळे कोणाचा अपराध उघड होतो आणि कोणाचा झाकला जातो, हे तपासणे अधिक फलदायी ठरते. प्रस्तुत लेखात राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाचा या दृष्टीने विचार केला आहे.

शापाचे वाङ्मयीन कार्य

शाप ही आपल्या परंपरेतील जुनी कथनयुक्ती आहे. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखत असूनही भर सभेत नाकारतो. कालिदासाने तेथे दुर्वासाचा शाप आणला आणि राजाचे विस्मरण निर्दोष ठरविले. नाटकाला त्यातून अपूर्व कारुण्य लाभले. पण राजाच्या वर्तनाचा जाब विचारण्याची जागा मात्र राहिली नाही. शाप हा असा दुहेरी असतो. तो दुःखाला अर्थ देतो आणि त्याच वेळी जबाबदारी माणसाच्या खांद्यावरून उतरवूही शकतो. शापावरील कोणताही चित्रपट याच कसोटीवर पाहावा लागतो.

'तुंबाड'मधील शाप

चित्रपटाचे शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीची आठवण करून देते. मात्र कथानकाशी तिचा संबंध नाही. वाड्यातील म्हातारीच्या भागावर नारायण धारप यांच्या 'आजी' या कथेची छाया आहे. कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत घडते. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर तिचे सोने बळकावतो. धान्याकडे हात वळविताच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. देवी त्याला आपल्या गर्भात आश्रय देते, पण त्याची पूजा कधीही होणार नाही या अटीवर. तुंबाडच्या एका घराण्याने ही अट मोडली, म्हणून गावावर देवांचा कोप होऊन पाऊस अखंड कोसळत राहतो.

या कथेचे बळ तिच्या व्यवहारात आहे. हस्तरजवळ सोने आहे, पण तो भुकेला आहे. विनायकजवळ कणीक आहे, पण त्याला सोने हवे आहे. कणकेची बाहुली पुढे करायची, हस्तर खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून पडणाऱ्या मोहरा गोळा करायच्या आणि दोराला धरून वर यायचे, असा हा सौदा आहे. येथे शाप आकाशातून कोसळत नाही. विनायक दर खेपेस स्वतःच्या पायांनी विहिरीत उतरतो. आईने तुंबाडला न परतण्याचे वचन घेतलेले असते. ते तो जाणूनबुजून मोडतो. पुढे हीच विद्या तो आपल्या मुलाला, पांडुरंगाला, शिकवितो. वडिलार्जित धंदा मुलाच्या हाती द्यावा तसा लोभाचा वारसा येथे दिला जातो. पंकज कुमार यांचे छायाचित्रण आणि खऱ्या पावसाळ्यात टिपलेली करडी, ओली दृश्ये यांमुळे तो वाडाच एखाद्या कुजत चाललेल्या देहासारखा भासतो.

शेवट या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पुराणात उःशाप बहुधा शाप देणाऱ्याकडूनच मिळतो. येथे तो वारसाच्या नकारातून येतो. हस्तरच्या स्पर्शाने विद्रूप झालेला बाप सोन्याने भरलेला लंगोट पुढे करतो आणि मुलगा तो नाकारतो. कालिदासाच्या राजाला शापाने जी सुटका दिली, ती विनायकाला मिळत नाही. वैयक्तिक जबाबदारीच्या पातळीवर 'तुंबाड' कसोटीला पूर्णपणे उतरतो.

जे दिसत नाही

सामाजिक पातळीवर मात्र शंका उरते. कोकणातील वाडे ज्या धनावर उभे राहिले, त्याचा मोठा भाग जमिनीच्या खंडातून आणि कुळांच्या श्रमांतून आला. विनायक सोन्यासाठी तुंबाडला परततो ते साल १९३३ आहे. त्याच वर्षी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो सुमारे सहा वर्षे चालला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर खोती कायद्याने रद्द झाली. चित्रपटात या संघर्षाची चाहूलही नाही. धान्याभोवती एवढी मोठी मिथककथा रचली जाते, पण ते धान्य पिकविणारे कूळ कथेत कोठेच नाही. संपत्तीचा उगम देवीच्या गर्भात दाखविला की तिच्या खऱ्या उगमाविषयी बोलण्याची गरज उरत नाही.

दंतकथेकडून इतिहासाची अपेक्षा का करावी, असा आक्षेप येथे संभवतो. त्याचे उत्तर चित्रपटानेच दिले आहे. 'फार पूर्वी' असे मोघम न म्हणता त्याने तीन निश्चित साले निवडली आणि अखेरीस वाडा सरकारजमा होण्याचा प्रसंगही आणला. इतिहासाची चौकट स्वीकारल्यावर तिच्यातील माणसे वगळणे ही निवड ठरते. स्त्रियांच्या बाबतीतही असेच घडते. एका मोहरेच्या आशेवर 'सरकार'ची सेवा करणारी विधवा आई हे चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारे पात्र आहे; परंतु पहिल्या टप्प्यानंतर कथा तिला मागे सोडून जाते.

विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' (२०१७) या मराठी चित्रपटाशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. दृश्यरचनेत तो 'तुंबाड'इतका समृद्ध नाही. परंतु उसाच्या फडातील त्या घराला लागलेल्या शापाचे मूळ मुलीच्या जिवाला नकोशी मानणाऱ्या क्रौर्यात आहे, आणि गर्भवती नेहाला खरा धोका भुतांपेक्षा जिवंत माणसांकडून आहे. तेथे शाप अपराधाकडे बोट दाखवितो.

समारोप

भयपट पाहून विद्यार्थी अंधश्रद्ध होतील, ही भीती अनाठायी नसली तरी दुय्यम आहे. हस्तरवर कोणी विश्वास ठेवणार नाही. मात्र घराण्याची श्रीमंती देवाच्या कृपेने येते आणि केवळ एखाद्याच्या हावरेपणामुळे जाते, हा समज हस्तरशिवायही समाजात टिकून आहे. 'तुंबाड' त्यातील दुसऱ्या अर्ध्या भागाची निर्मम चिकित्सा करतो आणि पहिल्या अर्ध्याला हात लावीत नाही. मराठी व इतिहास या दोन्ही विषयांच्या वर्गांत हा चित्रपट चरीच्या संपाच्या अभ्यासासोबत दाखविला गेला, तर विहिरीच्या तळाशी काय आहे यापेक्षा ती विहीर कोणाच्या जमिनीत आहे, हा प्रश्न विद्यार्थी विचारू लागतील.