स्प्रिंट-माइंड वाचताना : पेपरने नेमकं काय विचारलं होतं?

'बीपी आटोक्यात ठेवा, डिमेन्शिया टाळा' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेलच. त्याच्या पुराव्यादाखल बहुतेक वेळा एकाच पेपरचं नाव घेतलं जातं : स्प्रिंट-माइंड, जामा, जानेवारी २०१९. पेपर चांगला आहे. पण त्याच्या नावावर जे खपवलं जातं, ते सगळं त्यात नाही. संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी तो मुळातून वाचावा, तो यासाठीच.

आधी थोडी पार्श्वभूमी. बीपी वर्षानुवर्षं जास्त राहिलं की मेंदूतल्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. खोलवरच्या व्हाइट मॅटरला रक्त कमी पडतं आणि एमआरआयमध्ये तिथे पांढरे डाग दिसू लागतात. मग बीपी जास्त उतरवलं तर हे थांबेल का?

स्प्रिंटमध्ये अमेरिकेतले ९,३६१ जण होते, सगळे पन्नाशीच्या पुढचे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटात वरचं बीपी १२० च्या खाली आणायचं, दुसऱ्यात १४० च्या खाली. डिमेन्शिया झाला पहिल्या गटात १४९ जणांना, दुसऱ्यात १७६ जणांना. हॅझार्ड रेशो ०.८३, पण कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.६७ ते १.०४. म्हणजे मध्ये १ येतो. मुख्य प्रश्नाचं उत्तर 'सिद्ध झालं नाही' असंच आलं. त्याआधीची सौम्य पायरी, म्हणजे एमसीआय, मात्र नक्की कमी झाली : ०.८१. मथळे याच आकड्यावर बेतले गेले.

आता 'सिद्ध झालं नाही' म्हणजे 'परिणामच नाही' असंही समजू नका. हृदयाला झालेला फायदा इतका स्पष्ट होता की २०१५ मध्येच उपचाराचा भाग थांबवला गेला. प्रत्यक्ष उपचार जेमतेम सव्वातीन वर्षं चालले. डिमेन्शिया मात्र दहा-वीस वर्षं आतल्या आत वाढतो. लेखकांनी ही मर्यादा स्वतःच मांडली आहे, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पुढे २०२५ मध्ये चीनच्या ग्रामीण भागातली सुमारे ३४,००० लोकांची चाचणी आली, तेव्हा डिमेन्शियात १५ टक्के घट स्पष्ट दिसली.

एमआरआयचा उपअभ्यास तर जरूर बघा. कडक गटात पांढरे डाग कमी वाढले, पण मेंदूचं एकूण आकारमान किंचित जास्तच घटलं. पहिली ओळ सगळे सांगतात, दुसरी कुणी सांगत नाही.

माझा खरा आक्षेप पेपरवर नाही, वाचणाऱ्यांवर आहे. स्प्रिंटमध्ये मधुमेह असलेले नव्हते, पक्षाघात होऊन गेलेले नव्हते आणि डिमेन्शियाचं निदान झालेलेही नव्हते. म्हणजे ज्या आजींना आधीच डिमेन्शिया आहे, त्यांचं बीपी किती उतरवावं, हे या पेपरने विचारलेलंच नाही. तिथे गणित वेगळं असू शकतं. होनोलुलूत जपानी वंशाच्या पुरुषांचा ३२ वर्षं पाठपुरावा झाला. त्यात डिमेन्शिया झालेल्यांचं बीपी निदानाच्या आधीच्या काही वर्षांत इतरांपेक्षा जास्त घसरलं होतं. म्हणजे म्हातारपणातलं कमी बीपी हे आजाराचं कारण नसून त्याचा परिणामही असू शकतं. त्यातच धमन्या ताठ झालेल्या, उभं राहताना चक्कर, पडण्याची भीती. अशा माणसाला १२० चा आकडा डोळे मिटून लावणं म्हणजे पेपरच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालणं.

म्हणून कुठलाही ट्रायल हातात घेतला की निष्कर्षाच्या आधी 'कोणाला घेतलं नाही' तो परिच्छेद वाचा. गाइडकडे नेण्याजोगा प्रश्न बऱ्याचदा तिथेच सापडतो.