हादऱ्याचा आकडा मिळतो, कारण मिळत नाही

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हादरू लागली. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांवर लोक घरे सोडून तंबूत झोपू लागले. धक्का बसला की फोनवर दोन गोष्टी येत: राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने दिलेला धक्क्याच्या परिमाणाचा आकडा आणि मोठा भूकंप येणार असल्याची कुणीतरी पुढे पाठवलेली तारीख. तारखेचा निकाल सोपा आहे. भूकंपाचा दिवस आधी सांगण्याची खात्रीची पद्धत जगात कुणाकडेच नाही; तारीख दिसली की तो मजकूर वाचणे थांबवावे.

आकडा खरा असतो, पण तो एकटाच येतो. साडेतीनचा धक्का भांडी पाडतो आणि जमिनीतून गडगडाट करतो, कारण त्याचे केंद्र उथळ आहे. तीन आणि चार परिमाणाच्या धक्क्यांच्या ऊर्जेत सुमारे 32 पटींचे अंतर आहे. इथे शेकडो लहान धक्के बसले, एक ठळक मुख्य धक्का नाही. भिंतीला तडा गेलेल्या माणसाला हे कुणी मराठीत सांगायचे?

मराठीत आंतरजालावर विज्ञानाचे काहीच नाही, ही तक्रार मला पटत नाही. मराठी विश्वकोशाचे खंड मोफत वाचता येतात आणि पायाभूत माहितीसाठी तितके भरवशाचे दुसरे ठिकाण मला माहीत नाही. मात्र छापील खंडांतल्या कितीतरी नोंदी 1993 च्या किल्लारी भूकंपाआधीच्या आहेत. मराठी विज्ञान परिषदेच्या सहकार्याने ‘लोकसत्ता’त आलेले ‘कुतूहल’ हे सदर नेमके, पण इतके आटोपशीर की प्रश्न उघडतो तिथेच जागा संपते. ‘शैक्षणिक संदर्भ’ या नियतकालिकाची मराठी सर्वांत जिवंत, प्रयोग करून बघावासा वाटतो, हीच तिची कसोटी. विज्ञानप्रसारक अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची मराठी पुस्तके एकदा उतरवून घेतली की रेंज नसलेल्या पाड्यावरही वाचता येतात. शिक्षकांनी तिथूनच सुरुवात करावी. ‘रिसर्च मॅटर्स’ या संकेतस्थळाचे मराठी लेख मूळ संशोधन कुणाचे आणि कसे केले, हे सांगतात. वाक्ये कधीकधी भाषांतराच्या ओझ्याने वाकतात, तरी हा शिरस्ता मला मोलाचा वाटतो.

उणीव आहे ती चालू, अपूर्ण संशोधनाबद्दलच्या लेखनाची. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने डहाणू परिसरात भूकंपमापक बसवले. पावसाचे पाणी भेगांतून खोल झिरपून खडकांतला दाब बदलत असावा, असे एक स्पष्टीकरण संशोधकांनी मांडले. शोधनिबंध इंग्रजीत राहिले. बातम्यांत मात्र ‘असावा’चा ‘आहे’ होतो. शंका गाळली की विज्ञानातले विज्ञानच गळते, हे आपल्या बातमीदारीला अजून उमगलेले नाही. कोयनेची आठवणही मधे येते: तिथे 1967 च्या भूकंपाचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला गेला, म्हणून वाचक इथेही धरण शोधतो. ते उत्तर डहाणूला तसेच्या तसे लावता येत नाही, आणि का येत नाही हे मराठीत नीट उलगडून सांगणे हाच एक उत्तम लेख ठरेल.

महाराष्ट्राच्या जमिनीवरच्या प्रत्येक शोधनिबंधासोबत दोन पानांचा मराठी मजकूर निघायला हवा: पाड्यांची नावे असलेला नकाशा, मोजणी कशी केली, काय कळले आणि काय अजून कळलेले नाही. मजकूर असा असावा की ग्रामसभेत कुणी तो मोठ्याने वाचेल आणि शेजारी बसलेल्या आजीला वारलीत सांगू शकेल.