एक प्रवास, दोन ग्रंथ : हेब्रिडीजच्या प्रवासवर्णनांतील सोबत्याचे स्थान

प्रवासवर्णनांची चर्चा करताना वस्तुनिष्ठ आणि आत्मनिष्ठ असे दोन वर्ग कल्पून प्रत्येक ग्रंथ त्यांपैकी एकात बसविण्याची टीकाकारांची रीत जुनी आहे. ही विभागणी कितपत टिकते हे पाहण्यास इंग्रजी वाङ्मयात एक उत्तम कसोटी उपलब्ध आहे. १७७३ मध्ये सॅम्युअल जॉन्सन आणि त्याचा तरुण मित्र जेम्स बॉझवेल यांनी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांचा प्रवास केला. २ सप्टेंबरला ते स्काय बेटावर उतरले आणि रासे, कॉल, मल, आयोना अशी बेटे पाहून २२ ऑक्टोबरला मुख्य भूमीवर परतले. या एकाच प्रवासातून दोन ग्रंथ निर्माण झाले : जॉन्सनचे ‘अ जर्नी टु द वेस्टर्न आयलंड्स ऑफ स्कॉटलंड’ (१७७५) आणि बॉझवेलचे ‘द जर्नल ऑफ अ टूर टु द हेब्रिडीज’ (१७८५).

यांपैकी पहिला ग्रंथ विचारप्रधान व रुक्ष, दुसरा व्यक्तिप्रधान व रसाळ, असा अभिप्राय रूढ आहे. वरवर पाहता तो यथार्थ वाटतो. ग्रंथारंभी बॉझवेलच्या संभाषणचातुर्याचा व सौजन्याचा गौरव करून जॉन्सन आपल्या सोबत्याला मागे ठेवतो. पुढे त्याचा उल्लेख येतो तो अधूनमधून आणि कामापुरता. इन्व्हरनेसला घोडे घेऊन जड सामान मागे ठेवल्याचे सांगताना तो लगेच सामान्य सिद्धान्ताकडे वळतो : कडे चढताना व दलदल तुडविताना थोडेसे ओझेही किती जाचते, आणि घरी केलेले निश्चय अंधारात व थकव्यात कसे गळून पडतात. ओझे कोणाचे, थकला कोण, हे तो सांगत नाही. उलट बॉझवेलच्या लेखणीला जॉन्सनच्या हातातली ओकची जाड काठी आणि आपल्या कोशाचे दोन्ही खंड मावतील असे खिसे असलेला तपकिरी डगला ही बेटांइतकीच वर्णनीय वाटतात. एकाची दृष्टी बेटांवर आहे, दुसऱ्याची बेटे पाहणाऱ्यावर.

३ ऑक्टोबरच्या रात्रीच्या वादळात हा भेद स्पष्ट होतो. स्कायहून निघालेली नौका भरकटून कॉल बेटाकडे लोटली गेली. आपल्याला सागरी मळमळ झाली, आपण आडवे झालो आणि बॉझवेल वर थांबला, एवढ्यावर जॉन्सन तो प्रसंग आटोपतो. बॉझवेल मात्र आपली भीती लपवीत नाही. काही काम द्या, अशी विनवणी त्याने केली, तेव्हा कॉलच्या तरुण वारसदाराने त्याच्या हाती डोलकाठीचा एक दोर दिला आणि सांगेपर्यंत धरून राहावयास बजावले. त्या दोराचा काही उपयोग नव्हता. घाबरलेल्या माणसाला गुंतवून ठेवण्याचीच ती युक्ती होती, हे बॉझवेलला मागाहून उमगले व त्याने ते प्रांजळपणे लिहून ठेवले. खाली जॉन्सन एका शिकारी कुत्र्याची ऊब पाठीशी घेऊन शांत पडला होता, ही नोंदही त्याचीच.

येथवर रूढ अभिप्राय टिकतो. पुढे तो डळमळू लागतो. दोर देणारा तो तरुण १७७४ मध्ये अल्व्हा व इंचकेनेथ यांमधील खाडीत बुडून मरण पावला. जॉन्सनचा ग्रंथ तेव्हा सिद्ध होत होता. आपण या तरुणाच्या गुणांची साक्ष लिहीत असतानाच तो गेला, हे जॉन्सन त्याच्या निरोपाच्या प्रसंगी नमूद करतो आणि विलाप न करता पुढे जातो. स्वतःच्या वादळाला ज्याने चार शब्द दिले, त्याने दुसऱ्याच्या मृत्यूसाठी ग्रंथाची चाल थांबविली. अशा लेखनाला रुक्ष म्हणणे कठीण आहे. त्याचे मौन स्वतःपुरते आहे.

उलट अंगाने बॉझवेलचेही तसेच आहे. त्या काळी वाढते खंड आणि कुलप्रमुखांच्या सत्तेचा ऱ्हास यांमुळे बेटांवरील लोक अमेरिकेकडे जात होते. जॉन्सन या स्थलांतराची मीमांसा करतो आणि प्रजाच न उरल्याने लाभणाऱ्या शांततेत राज्यकर्त्यांचे शहाणपण नाही, असे ठणकावतो. बॉझवेल मीमांसा करीत नाही. २ ऑक्टोबरला स्कायवरील आर्माडेल येथे झालेल्या एका नृत्याचे वर्णन तो करतो. प्रथम एक जोडपे फेर धरते, मग दुसरे, मग तिसरे, आणि अखेर सारेच भोवऱ्यात सापडल्यासारखे फिरू लागतात. त्या नृत्याचे नाव ‘अमेरिका’. गेल्या वर्षी जहाज सुटले तेव्हा किनाऱ्यावरचे आप्त जमिनीवर लोळण घेत होते. यंदा कोणाच्या डोळ्यांत अश्रू नव्हता, कारण आपणही लवकरच जाणार असे प्रत्येकाला वाटत होते, ही तेथील एका स्त्रीकडून ऐकलेली हकिकतही तो देतो. आत्मनिष्ठ म्हणविलेल्या या ग्रंथात एका समाजाच्या उजाड होण्याचा इतका तटस्थ पुरावा मिळावा, हे वर्गीकरणाच्या चौकटीत बसत नाही.

दोन्ही ग्रंथांची उणीव मात्र एकच आहे. दोघांनाही गेलिक भाषा येत नव्हती. रासे येथे स्त्रियांनी गायिलेली गीते आपण केवळ नादाच्या आनंदासाठी ऐकली, हे जॉन्सन मोकळेपणाने मान्य करतो. तरीही या भाषेत शंभर वर्षांपूर्वीचे एकही हस्तलिखित नाही असे विधान तो निःशंकपणे करतो. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लिझमोरच्या डीनचे गेलिक कवितांचे संकलन आज उपलब्ध असल्याने ते विधान असत्य ठरते. बॉझवेलपाशीही या बाबतीत अधिक काही नाही. सोबत्याने सोबत्याला पाहिले, दोघांनी मिळून बेटे पाहिली. परंतु बेटवासीयांना ते दोघे कसे दिसले, हे सांगणारा तिसरा ग्रंथ या जोडीत नाही.

यावरून प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाने एक बोध घ्यावा. लेखकाने ‘मी’ किती वेळा म्हटले याची मोजदाद करून ग्रंथाचा वर्ग ठरत नाही. त्याने काय गाळले, कोणाला जागा देण्यासाठी गाळले, आणि ती जागा खरोखर त्याला मिळाली काय, हे प्रश्न अधिक फलदायी आहेत. जॉन्सनने स्वतःला गाळून बेटांना जागा दिली; बॉझवेलने मित्राला जागा देताना बेटांनाही नकळत सामावून घेतले. बेटांची भाषा मात्र दोघांच्याही ग्रंथाबाहेर राहिली.