पाल्हाळ परवडला, मोघम नको

ज्या बोलण्यातून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, त्याला मराठीत नावे पुष्कळ आहेत. पाल्हाळ, चऱ्हाट, गुऱ्हाळ, चर्पटपंजरी, पोपटपंची, थातुरमातुर, गुळमुळीत, मोघम, उडवाउडवी. आमच्या वेळी निबंधाच्या वहीत तांबड्या शाईने यांतला एखादा शब्द हमखास मिळे, आणि चूक नेमकी कोणती ते त्या शब्दावरूनच कळे. येथे आल्यावर आपण हे सगळे शब्द 'किश्कूश'च्या एकाच पोत्यात भरले. नातवंडांना तेवढाच ठाऊक, त्यांना दोष नाही. पण मराठी शाळा शिकून आलेल्यांनीही हा फरक सोडून द्यावा, हे मला पटत नाही.

यातले निम्मे शब्द लांबीचे आहेत. चऱ्हाट म्हणजे दोर, वळू तितका वाढणारा. गुऱ्हाळात ऊस पिळण्याचे काम एकदा सुरू झाले की थांबण्याचे नाव नाही. हिब्रूत अशा माणसाला 'तोखेन माइम', म्हणजे पाणी दळणारा म्हणतात. तोही शब्द झकास आहे. आणि 'नमनाला घडाभर तेल' तर आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. रात्रीच्या खेळात देवाच्या नमनातच घडाभर तेल जळून गेले, तर पुढे उजेड कसला? कोकणात घाणा चालवणाऱ्या शनिवार तेल्यांची आपण नातवंडे-पतवंडे, तेलाची किंमत आपल्याला कळते.

अशा बोलण्याला आपण मनापासून हसतो. मलिद्याचे तबक समोर मांडलेले असते, आणि चौथे वक्ते पहिल्या तिघांनी मानलेले आभार पुन्हा मानत असतात. त्यात अर्धा तास जातो, पाय अवघडतात. यापलीकडे नुकसान नाही.

मोघम बोलणे मात्र आपण निमूटपणे गिळतो. ते थोडक्यात असते, नम्र असते, छापील असते. आपल्याच मंडळांची ही नेहमीची सूचना पाहा: 'काही अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम पुढे ढकलण्यात आला आहे. नवीन तारीख यथावकाश कळविण्यात येईल.' व्याकरण शुद्ध आहे, मी गुणही दिले असते. पण वाक्याचा कर्ता शोधा. कोणी ढकलला? कोण कळविणार? 'ढकलण्यात आला', 'कळविण्यात येईल' या रचनेत करणारा माणूस वाक्यातून निघून गेला आहे. 'अपरिहार्य' म्हटल्यावर कारण विचारणे उद्धटपणाचे वाटते, आणि 'यथावकाश' कोणत्याही कॅलेंडरात सापडत नाही.

सरकारी हिब्रू याच शाळेतली. 'हनोसे यिबादेक', विषय तपासला जाईल. येथे निफआल कामाला लावला आहे, तपासणारा गायब. 'हनोसे बेतिपूल', विषय हाताळला जात आहे. गंमत अशी की दवाखान्यातल्या उपचारालाही 'तिपूल'च म्हणतात, त्यामुळे अर्ज आजारी आहे की अर्जदार, असा प्रश्न पडावा.

आमच्या इमारतीतल्या ऐंशी ओलांडलेल्या एका गृहस्थांना मात्र यातली गंमत परवडली नाही. घरी मदतनीस मिळावा म्हणून त्यांनी एका कार्यालयाकडे अर्ज केला. उत्तर आले: अर्ज मिळाला, विषय 'बेतिपूल'. भल्या माणसाने पत्र घडी घालून कपाटात ठेवले. सरकार बघते आहे, मग आपण घाई कशाला करावी? चार महिन्यांनी मुलाने फोन केला तेव्हा कळले की डॉक्टरांचा एक दाखला जोडलेला नव्हता, म्हणून कागद जागचा हललाच नव्हता. दाखला पाठवा, एवढे तीन ओळींच्या त्या पत्रात सहज मावले असते. पत्र पाल्हाळिक असते तर निदान कुठेतरी ते आले असते! या चार महिन्यांत त्यांच्या पत्नीने, स्वतःचे गुडघे धरून, त्यांना रोज आंघोळ घातली.

हिब्रूत 'मी' म्हणजे कोण, हे आपण उलपानच्या पहिल्या आठवड्यात हसत हसत शिकलो. असले पत्र हाती आले की त्यात दोन्ही 'मी' शोधावेत. मराठी 'मी' नसेल, तर हिब्रू 'मी' फोन करून विचारावा. त्यापाठोपाठ 'मताय', केव्हा.

गप्पांना मी यात धरत नाही. 'मा निश्मा?' किंवा 'जेवलात का?' यांतून माहिती मिळत नाही, आणि ती कोणाला हवीही नसते. शेजारणीने दारात उभे राहून अर्धा तास बोलावे, त्यात आपण जिवंत असल्याची विचारपूस असते. त्याला किश्कूश म्हणणाऱ्या तरुणांनी म्हातारे होऊन पाहावे.

मंडळांच्या चिटणीसांना एवढीच विनंती आहे की पुढची सूचना अशी लिहून पाहा: 'आम्ही हॉल वेळेवर ठरवला नाही, म्हणून कार्यक्रम हनुक्कानंतर घेत आहोत. तारीख पुढच्या अंकात देऊ. तोवर चिटणीसांना संध्याकाळी फोन करावा.'