‘अर्धा कोयता’ आणि कायद्यातील व्यक्ती

किमान वेतनाच्या नियमांची मराठी दुर्बोध आहे, ही तक्रार बहुधा संस्कृतप्रचुर शब्दांपाशीच थांबते. शब्द सोपे केले की काम भागेल, हे त्यामागील गृहीत अपुरे होय. खरी अडचण शब्दांची नसून मापाची आहे.

१९४८ चा किमान वेतन अधिनियम घ्या किंवा त्यानंतरची २०१९ ची वेतन संहिता घ्या. वेतनाचा हक्क एकेका व्यक्तीचा मानला आहे. ज्या कामाला केवळ काळावरचा किमान दर ठरला असेल, ते उक्ते करविले तरी मजुरी त्या दराखाली जाऊ नये, असेही दोहोंत सांगितले आहे.

आता नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावी चालणाऱ्या ऊसतोडीचा हिशेब पाहावा. तेथे दर टनाचा आणि मोजणी कोयत्याची. ‘कोयता’ म्हणजे येथे हत्यार नव्हे, तोडणीवर आलेले नवराबायकोचे जोडपे. एकटा मजूर ‘अर्धा कोयता’ ठरतो. मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते आणि टनांतून फिटते. या हिशेबात तास कोठेच येत नाही.

ही लक्षणा निरुपद्रवी नाही. मोळी बांधून डोक्यावरून वाहणाऱ्या स्त्रीचे श्रम त्या एकवचनात विरतात. तिची मजुरी वेगळी उच्चारताच येत नाही. तेव्हा नियमांच्या अनुवादकाने ‘व्यक्ती’ या पदापाशी थांबून ‘कोयत्यातील दोघांपैकी प्रत्येकास’ असा खुलासा जोडणे अगत्याचे आहे. एरवी अनुवाद सुबोध होईल, परंतु नियम अज्ञातच राहील.